शेठाणीचं लोखंड

शेठाणी एक दिवस जेवायची, एक दिवस जेवायची नाही, आणि वजन दोन्ही दिवशी उचलायची. एवढी साधी गोष्ट, पण आळेफाट्यावरच्या लोकांना ती पचायला वर्ष लागलं. काहींना अजून पचलेली नाही. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, जैन घरातली बाई. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि पायाशी वजनं लावलेला लोखंडी दांडा. वाकायच्या आधी ती त्या दांड्याकडे अशी बघायची, की याच्याशी हिचं जुनं भांडण असावं. तोंडावर आम्ही सगळ्या तिला अहो-जाहो करायचो, पण आठवते ती ‘ती’ म्हणूनच, आणि मी तशीच लिहिणार.

आमची जिम ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दुपारच्या आधीची वेळ बायकांची. मी शेतकऱ्याच्या घरातली. बाळंतपणानंतर पाठ धरली ती सोडेना, म्हणून जायला लागले. बाकीच्या दोघी-तिघी लग्न ठरलंय म्हणून बारीक व्हायला आलेल्या. शेठाणी एकटीच अशी होती, जिला बारीक व्हायचं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘मला जड व्हायचंय. हलक्या बाईला कुनीबी उचलून बाजूला ठेवतं.’

तिला जिमपर्यंत आणलं ते कापडाच्या एका गठ्ठ्यानं. फाट्यावर त्यांचं कापडाचं दुकान. तिचा नवरा आणि मोठा दीर मिळून चालवायचे. दिराला सगळं गाव मोठे शेठ म्हणतं. एकदा गणवेशाच्या कापडाचा गठ्ठा तिच्या हातातून सुटला आणि मोठे शेठ गादीवरूनच तिच्या नवऱ्याला म्हणाले, की आता हिनं घरी बसून माळ ओढावी, वय झालं. तिलाच सुनवायचं होतं, पण सांगितलं नवऱ्याला. त्यांच्या घराची रीतच तशी. धाकटी सून मोठ्या दिराशी थेट बोलत नाही, दीरही तिच्याशी बोलत नाही. बोलायचंच झालं तर मध्ये नवऱ्याला नाहीतर जावेला, म्हणजे मोठ्या शेठांच्या बायकोला, घालावं लागतं, मग तो माणूस हातभर अंतरावर का बसलेला असेना.  दुसऱ्या दिवशी शेठाणी जिना चढून वर आली आणि आमच्या सरांना म्हणाली, इथं सगळ्यात जड काय आहे ते दाखवा.

तिचं माहेर मढचं. वडिलांचं किराणा दुकान, आणि लहानपणी मिठाची पोती, गुळाच्या ढेपा उतरवायला तिची आई. तेव्हा पोतं क्विंटलचं यायचं. त्या आईनं एकदा वर्षीतप धरलं होतं. वर्षीतप म्हणजे वर्षाहून जास्त काळ एकाआड एक दिवस निरंकार उपास, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. मधल्या दिवशी दोनदाच जेवण. आईचं तप निम्म्यावर आलं असताना सासऱ्यांनी ते सोडायला लावलं. उपाशी बाई पोतं कसं उतरवणार, असं त्यांचं म्हणणं. आईनं तप सोडलं आणि पोती उतरवत राहिली. हे सांगताना शेठाणीचा आवाज बदलायचा नाही, पण हातातलं वजन ती खाली ठेवायची. ‘तिला दोन्ही जमलं असतं,’ म्हणायची. ‘तिला कुनी इचारलंच न्हाई.’

म्हणून जिमची दोन वर्षं झाल्यावर तिनं वर्षीतप धरलं आणि जिम सोडली नाही. सरांना घाम फुटला. सर म्हणजे पुण्याहून शिकून आलेला पोरगा, मनानं फार चांगला. दर दोन-तीन तासांनी खा, अंड्याचा पांढरा भाग खा, असा तक्ता त्यानं भिंतीवरच लावलेला. अंडं तिच्या घराच्या उंबऱ्यात येणं शक्य नव्हतं. मग त्यानं मोबाईलवर काहीबाही वाचून तिला सांगितलं, की तुम्ही करता त्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात, पण जड वजन मारणाऱ्यांनी ते जपून करावं. ती म्हणाली, इंग्रजीत नाव मिळालं हे बरं झालं, आता तरी लोक हसणार नाहीत. आणि जड वजनं तिनं मुद्दाम उपासाच्या सकाळी ठेवली. आदल्या दिवशी मूग, हरभरे, दूध, पनीर असं बसून पोटभर खाल्लेलं असायचं. सर पुन्हा पुन्हा समजवायला लागला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘बैल चरता चरता नांगर वढतो का रं? आधी चरतो, मग वढतो.’ त्यानंतर त्यानं तो तक्ता काढला नाही, पण तिच्यासमोर त्याचं नावही घेतलं नाही.

मात्र स्वतःचा हेका तिनं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधला नाही, आणि म्हणूनच ती मला आवडायची. मला उपदेश करणारी माणसं मुळीच सहन होत नाहीत. पेठची एक पोरगी तिचं बघून न जेवता यायला लागली. दांडा खांद्यावर घेतला आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊन खालीच बसली. आम्ही दोघींनी दांडा धरला म्हणून निभावलं. शेठाणी इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. पोरीला समोर बसवून गूळ-शेंगदाणे खायला लावले आणि स्वतःचा उपास असताना ती घास गिळते की नाही ते बघत बसली. ‘मी सोडते ते माझं मी सोडते,’ म्हणाली. ‘तुझं तू खा. माझ्या मागं येऊन तुला न्हाई पुण्य लागायचं.’

त्या प्रसंगानं सर मात्र धसकला. पोरगी तरणी असून पडली, तर या बाईचं काय, हे त्याच्या मनानं घेतलं. मग त्यानं शहाणपणा केला. शेठाणीच्या पाण्याच्या बाटलीत गुपचूप ग्लुकोज घातलं. त्याच्या लेखी ते पाणीच. उपासाला आपण साबुदाण्याची खिचडी चापतो, रताळी खातो; ग्लुकोजनं काय मोडतंय, असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं असतं. शेठाणीनं बाटली तोंडाला लावली आणि घोट गिळायच्या आत थुंकून टाकला. बेसिनपर्यंत जायलाही थांबली नाही, तिथंच आरशावर. सर रडकुंडीला आला. ती त्याच्यावर ओरडली नाही. उपास घेतानाच्या पाठात याची सवलत असते, असं तिनं शांतपणे सांगितलं. नकळत तोंडात गेलं तर मोडत नाही, कळल्यावर गिळलं तर मोडतं. मग ओढणीनं आरसा पुसला, नळाशी जाऊन बाटली धुतली आणि राहिलेली वजनं उचलून घरी गेली.

आळेफाट्यावर बातमीला पाय लागत नाहीत, ती उडते. संध्याकाळपर्यंत मोठ्या शेठांच्या कानावर गेलं की जिममध्ये शेठाणीचं तप मोडलं. रविवारी घरचे सगळे बसले. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी दांड्याला वजनं लावता लावता सांगितलं. मोठ्या शेठांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, की तप आणि लोखंड यातलं एक काहीतरी ठेवायला सांग. जिथं परपुरुष पाण्यात काय घालील याचा भरवसा नाही, तिथं तपस्वी बाईचं काय काम? आणि लोखंड ठेवणार असेल तर पारणं घरात होणार नाही, मंडप नाही, पाहुणे नाहीत. वर्षीतपाचं पारणं म्हणजे त्या घरात लग्नाएवढं कार्य. आईच्या पुढ्यात जे टाकलं होतं, तेच तिच्याही पुढ्यात येऊन पडलं होतं. नवरा खाली मान घालून बसला. माणूस गरीब होता. शेठाणी जावेकडे वळून म्हणाली, ‘वैनी, भाईजींना सांगा. उपाशी पोट माझं हाय आन् लोखंड माझ्या हातात हाय. मांडव तुमचा हाय, तो तुमी ठेवा.’

जैन स्थानकात तेव्हा महासतीजी, म्हणजे साध्वी, उतरल्या होत्या. शेठाणीनं त्यांना घडलेलं सगळं सांगितलं, जिमसकट. त्या म्हणाल्या, तप मोडलेलं नाही; पण तपाचा गर्व आला तर जपा, तप त्यानं जातं. लोखंडाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि शेठाणीनं ते न बोलणं पदरात बांधून घेतलं. गर्व आहे का हो, असं मी विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि खरं उत्तर दिलं. ‘थोडा हाय. त्याचं बघू नंतर.’

पारण्याच्या थोडं आधी, एका उपासाच्या सकाळी, तिनं एक क्विंटल उचललं. सरानं शंभर किलो लावले, दोन्ही बाजू तपासल्या, पुन्हा तपासल्या. आम्ही बाकीच्यांनी हातातलं सोडून दिलं होतं. दांडा जमिनीवरून सुटताना वाकल्यासारखा झाला, मग गुडघ्यांपर्यंत आला, मग ती सरळ उभी राहिली. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आणि मग जिमची पोरं आपटतात तसं न आपटता तिनं ते सगळं हळूहळू खाली ठेवलं, कारण खाली दुकान होतं आणि दुकानदाराला दुकानदार कळतो. मला हुंदका आला. तो का आला हे मला तेव्हाही माहीत होतं: मढच्या त्या न पाहिलेल्या बाईसाठी. शेठाणीनं हात झटकले आणि मला पाठीला ताण देणारा व्यायाम राहिलाय याची आठवण करून दिली.

अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं वर्षीतपाचं पारणं होतं. घरात मांडव नव्हता, म्हणून तिनं ते हायवेवरच्या रसवंतीत केलं. ऊस आमच्या शेतातला. रसवंतीवाला सवयीनं आल्याचा तुकडा चरकात घालणार, म्हणून आमच्यातली एक तिथं पहाऱ्याला उभी. आलं नको, लिंबू नको, बर्फ नको. तिचा नवरा टोपी घालून आला होता. सर आला होता, आणि पेठची पोरगी. चरकाचे घुंगरू वाजत होते, रस्त्यावरून टेम्पो चालले होते, आणि लोखंडी खुर्चीवर रेशमी साडीत शेठाणी बसलेली. तेवढ्यात मोठ्या शेठांची गाडी येऊन रसवंतीच्या तोंडाशीच थांबली. काचा वर. मागचं दार उघडून फक्त जाऊ उतरली. तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला आणि स्वतःच्या हातानं शेठाणीला रस पाजला. दोघींपैकी एकीनंही डोळे पुसले नाहीत. ग्लास संपल्यावर शेठाणी उठली, गाडीपाशी गेली, काचेवर बोट वाजवलं. काच खाली आली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती दिराशी थेट बोलली. ‘भाईजी, उतरायचं नसंल तर नका उतरू. पर गाडी तेवढी पुढं घ्या. मानसांची वाट अडलीय.’

गाडी पुढं गेली. मोठे शेठ उतरले नाहीत.

नंतर नारायणगावकडचा एक पोरगा मोबाईल घेऊन आला. उपास करून वजन उचलणाऱ्या बाईचा व्हिडिओ करायचा, किती किलो घटलं ते तिनं सांगायचं. तिनं त्याला विचारलं, की घटलेलं तू काय करणार, वाढलेलं विचार. त्याला ते नको होतं. चहा पिऊन गेला.

दीड-दोन वर्षांनी तिचं डोकं दुखायला लागलं. पुण्याला नेलं, मेंदूत गाठ निघाली, आणि पावसाळा संपता संपता ती गेली. उपासाचा किंवा लोखंडाचा याच्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तरी फाट्यावर लोक बोललेच, की बाईमाणसानं एवढं ताणू नये. मी त्यांच्याशी भांडले. अजूनही भांडते. माझी पाठ आता दुखत नाही आणि तोंड तर कधीच दुखत नव्हतं.

स्थानकात तिची गुणानुवाद सभा झाली, आपल्याकडच्या शोकसभेसारखी. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, आणि जिमच्या आम्ही सगळ्या मागच्या भिंतीला. एकेक जण उठून बोलत होता. धर्मपरायण होत्या, सेवाभावी होत्या, घराची लक्ष्मी होत्या, वर्षीतपाच्या तपस्वी होत्या. शेवटी मोठे शेठ उठले. धाकट्या सुनेनं वर्षीतप करून घराण्याचं नाव उजळलं, असं म्हणाले. ज्या तपाला त्यांनी मांडव दिला नाही, ते आता घराण्याचं झालं होतं. दोन्हीतलं एक त्यांनी शेवटी निवडलंच होतं, तिला विचारता येणार नाही अशा वेळी. मला राहवलं नाही. मी परक्या जातीची, त्या सभेत मला बोलायचा काही अधिकार नव्हता, पण मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘त्या वजन उचलायच्या. ते राहिलं.’

सगळं स्थानक माझ्याकडे वळून बघायला लागलं. मोठ्या शेठांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. कुणीतरी मला खाली बसा म्हणून खुणावत होतं. मी बसणारच होते. तेवढ्यात बायकांच्या पुढच्या रांगेतून जाऊ उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मध्ये कुणालाही न घालता, सरळ नवऱ्याकडे बघत म्हणाली, ‘एक क्विंटल. उपासाच्या दिवशी. मी जिन्यात उभी राहून बघितलंय.’