लाल गमछ्याची किंमत

आई गेली त्याला तीन महिने झाले. तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, एक विटका लाल गमछा निघाला. त्याच्याबद्दल लिहायचं ठरवून मी आठवडाभर नुसतीच बसून होते.

भिलाईचा पोलाद कारखाना नुकताच सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या ओळीत आठ क्वार्टर होते आणि मधल्या भिंती अशा, की शेजारी मोहरी तडतडली की आमच्या पोटात भूक उठायची. बाबा क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाचं भांडं उंचावरून न्यायचं काम. तिथे क्षणभरही डोळा लागून चालत नसे. म्हणून नाइट शिफ्ट करून आले की दुपारी त्यांची झोप व्हायलाच हवी, यावर आईचं सगळं लक्ष असायचं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गोंदियाच्या काकू मिरच्या कांडायच्या. आई सांगायला गेली.

"वा बाई! दिवस हाये म्हणून कांडून राहिली. तुमच्या घरी दिवसाची रात होते, त्याले मी का करू?"

"रात साऱ्यायच्याच घरी येते, काकू. पुढच्या हप्त्यात काकाजीची नाइट हाये. मलेबी मसाला कुटाचा हाये."

काकूंनी मुसळ खाली ठेवलं. त्याच संध्याकाळी ओळीतल्या बायकांचं ठरलं: ज्या घरात नाइटवाला झोपला असेल त्या दारावर लाल गमछा टांगायचा. गमछा दिसला की कांडण बंद, रेडिओ बंद, पोरांचा दंगा बंद.

दोन आठवडे छान गेले. मग एकीने डोकं दुखतं म्हणून गमछा लावला. दुसरीने पाहुणे झोपलेत म्हणून. काकूंनी तर सासू गावाला गेल्याच्या आनंदात लावला. टांगायला काय जातं? एका दुपारी आठही दारांवर आठ गमछे डुलत होते आणि त्यांच्याखाली खुशाल मिरच्या कांडणं चाललं होतं.

बाबा उठून खाटेवर बसले. "काल वर बसल्या बसल्या डोळे मिटत होते," ते हळूच म्हणाले. "खाली मानसं होती वो."

दुसऱ्या दिवशी आईने नळावर सगळ्या बायकांना गाठलं. "आजपासून जिच्या दारावर गमछा, तिनं ओळीतली सारी पोरं त्या दूरच्या आंब्याखाली न्याची. कारखान्याचा भोंगा वाजेपर्यंत वापस आणाची नाही."

"सारी? अठरा पोरं?" काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा माह्यं डोकं दुखलेलं बरं!"

त्याच दुपारी ओळीत एकच गमछा उरला. आमचा. आई अठरा पोरं घेऊन आंब्याखाली गेली. त्यांतली एक मी. पुढच्या हप्त्यात काकूंच्या घरी नाइट आली, तेव्हा पोरांनी त्यांना इतकं छळलं की परत येताना त्यांचाच आवाज बसला होता. नियम मात्र टिकला.

पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला सर सांगत होते, फुकट खुणेवर कोणी विश्वास ठेवत नाही. खूण करायला काही मोजावं लागलं तरच ती खरी मानली जाते. मी वर्गात एकटीच हसले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "हे शिकाले फी भरली का आपण?"

बाबा आता दुपारी झोपत नाहीत. काल गमछा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "बाबा, तुमची नाइट असायची तेव्हा आपल्या ओळीत दुपारी कसं वाटायचं हो, सगळं शांत झाल्यावर?"

"मले का मालूम?" ते म्हणाले. "मी तर झोपलो रायचो. तुह्या मायले विचार."

आई असती तरी तिला काय ठाऊक? ती तर तेव्हा आंब्याखाली, अठरा पोरांच्या गलक्यात.

बाहेर गल्लीत पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं. बाबांनी गमछ्याची घडी उशीखाली सरकवली आणि आडवे झाले. "त्यायले म्हना, थोडं दूर खेळा." मी चप्पल घातली आणि पोरांना घेऊन मैदानावर गेले. आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती. पहिल्याच चेंडूवर आउट झाले.