भोक म्हणाले तिला

कॉफीचा मोठा ड्रम मी आणि बायकोनं एकेका कानाला धरून वर्गात आणला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम ते. तिचे पाय सुजले होते, तरी ड्रम माझ्या एकट्यावर सोडेना. खाली ठेवतोय तोच सर ओरडले, "या काका, या मावशी! आले आपले इलेक्ट्रॉन आणि भोक!"

मग इंग्रजीत काहीतरी बोलले. वर्ग हसला.

सर पुण्याकडचे. आम्ही तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या इकडेच. गुम्मिडिपूंडीला मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला तेव्हा चेन्नईतल्या ह्या संस्थेत कॉफीचा स्टॉल त्यांनीच मिळवून दिला. "आपली माणसं" म्हणायचे. आमचं बोलणं ऐकून हसायचेही. आम्हीही हसायचो. काय करणार.

नवी बॅच आली की, वर्षातून दोन-तीनदा, आम्हाला उभं करायचे. प्रकाश पडला की सेमीकंडक्टरमधला इलेक्ट्रॉन जागा सोडून उडतो. मागं राहतं ते भोक. तरी दोघं एकमेकाला ओढतात, जोडीनं फिरतात. त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती तोडायला किती जोर लागेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. हे सरांचं संशोधन.

उडणारा मी. भोक माझी बायको. दोरीचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या.

"साहेब, आज नको. पाय लई दुखतात," ती म्हणाली.

"अहो मावशी, दोनच फेऱ्या!"

फिरलो. मग सरांनी चार पोरं आमच्या मधे घुसवली. मधे दुसरे इलेक्ट्रॉन आले की ओढ ढिली होते, जोडी लांबून फिरते. म्हणून दोरी लांब सोडायला लावली. गोल मोठा झाला. त्या मोठ्या गोलात माझी अंबू सुजल्या पायानं पळत होती. पदर सावरत. तोंडावर हसू ठेवून.

शेवटी दोन पोरांना सांगितलं, ओढा. ओढलं. दोरी तिच्या हातातून सुटली आणि ती धपकन फरशीवर बसली.

"सुटलं!" सर म्हणाले. "एवढा जोर लागला! हाच आपल्याला काढायचाय!"

टाळ्या.

बसमधे तिनं विचारलं, "अहो, भोक म्हणजे मीच का? तुम्ही का नाही?"

त्या संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय आधीच कमजोर होतं. असेल. पण कमजोर हृदयाला पळवलं कुणी?

दिवसपाणी उरकून मी स्टॉलवर परतलो. पोटाला सुतक नसतं. शांती म्हणून एक मुलगी, सरांकडेच पीएचडी करणारी. ती माझ्यापाशी बसून रडली. मी विचारलं, "ह्या जोराचं गणित करता तरी कसं?" ती मला तमिळमधे आजोबा म्हणते. म्हणाली, "तात्ता, बाहेरून मोजलेलं काही घ्यायचं नाही. अणू कुठले, कुठं बसलेत, एवढंच सांगायचं. बाकी सगळं मुळापासून काढायचं."

म्हणजे कुणाला काही विचारायचं नाही. अणूला चालत असेल. अणूचे पाय सुजत नाहीत. माणूस समोर उभं होतं, तोंडानं सांगत होतं दुखतंय म्हणून. तेही ह्यांनी घेतलं नाही.

दुपारी सर आले. "काका, फार वाईट झालं हो." कॉफी घेतली. मग म्हणाले, "उद्या दुसरी बॅच आहे. झाडणाऱ्या सेल्वीला सांगितलंय. ती होईल भोक."

"मी येणार नाही."

"अहो, गंमत असते ती! पोरांना पटकन कळतं."

"अंबू पडली तेव्हा काय कळलं त्यांना?"

"कोण अंबू?"

सात वर्षं तिच्या हातची कॉफी प्यायलेला माणूस.

"माझी बायको," मी म्हणालो.

सरांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "काका, स्टॉल कुणामुळे आहे, विसरू नका."

"विसरलो नाही. म्हणून तर इतकी वर्षं नाचलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेलो. ड्रम न घेता. सेल्वी कोपऱ्यात मान खाली घालून उभी, हातात दोरीचं टोक. मी ते काढून घेतलं. तमिळमधे म्हणालो, "जा बाई, तुझं झाडायचं काम कर. हे तुझं काम नाही." ती पळालीच.

मग पोरांकडे वळलो. "गेल्या वेळी इथं एक बाई पळवली. तिचं नाव अंबाबाई. ती मेली. आता हसा."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "काका, बाहेर व्हा."

झालो. पण दारातच उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून. स्टॉल गेला तर जाऊ दे. ह्या दारातून आता कुणी गरीब माणूस भोक व्हायला आत जाणार नाही. पुढच्या बॅचलाही मी इथंच असेन.