खाली आलेला हात

अहेरीच्या बाजारात चंदनी साबणाचा वास आला आणि मला एटापल्लीकडची आमची आश्रमशाळा आठवली.

वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणाऱ्या सुनीताचा चंदनी साबण हरवला होता आणि आळ माझ्यावर आला होता. मला खोलीतून काढायचं म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलींनी हात वर केले. नागरिकशास्त्राच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सॉक्रेटिसची गोष्ट सांगितली. अथेन्सच्या लोकांनी बहुमतानेच त्याला विष प्यायला लावलं होतं.

"हात जास्त झाले म्हणजे गोष्ट खरी होते का, पोरींनो?"

सुनीताने हात खाली घेतला. "बाई, मी इले साबण घेताना पाह्यलं नाई."

मग हळूहळू बाकीचे हातही उतरले.

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. आता मीच नागरिकशास्त्र शिकवते, आणि तो पहिला हात खाली घेताना सुनीताला किती एकटं वाटलं असेल, ते कळतं.