पुढच्या वैशाखात अडकलेले गुरुजी

अकोल्याच्या जठारपेठेत नारायणगुरुजींना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांनी काढून दिलेला मुहूर्त पाळणाराही. गुरुजी मुहूर्त काढायचे मिनिटावर. पत्रिकेत छापलं जायचं, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. त्या वेळी नवरदेव चौकात घोड्यावर, त्याचे दोस्त डीजेपुढे रस्त्यावर लोळण घेत, आणि मांडवात एकटे गुरुजी, हातात अंतरपाट घेऊन उभे. दीडच्या सुमारास वरात दारात यायची आणि नवरदेवाचा काका वरून गुरुजींनाच म्हणायचा, "आटपा न महाराज, पंगत खोळंबली." आयुष्यभर गुरुजींनी हा अपमान गिळला, पण मुहूर्त कधी सैल केला नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओशी जुळवायचे, आणि त्या घड्याळाबद्दल कोणी शंका काढलेली त्यांना खपत नसे.

मुहूर्त ते कॉम्प्युटरवर पाहत. पंचांगाचा एक जुनाट प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. त्यात कॉम्प्युटरची जी तारीख असेल तेवढ्याच दिवसाचं पंचांग दिसे. त्यामुळे पुढचं पाहायचं तर कॉम्प्युटरची तारीखच पुढे ढकलायची, आणि काम झालं की परत आणायची, असा गुरुजींचा शिरस्ता. तारीख आपोआप जुळण्याची सोय त्यांनी कधीच बंद करून टाकली होती. ती मध्येच त्यांना आजच्या दिवसात ओढून आणते, अशी त्यांची तक्रार होती.

सगळं सुरळीत चाललं असताना जर्मनीत नोकरीला असलेल्या स्वरालीनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, फोनवर सांगितलं की मी आणि किशोर लग्न करतोय. किशोर तेल्हाऱ्याचा, तिच्याच कंपनीतला. मुलाबद्दल गुरुजींचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं तारखेबद्दल. तिथल्या सरकारी कचेरीनं दिला होता ऐन पितृपक्षातला गुरुवार, आपल्याकडचे दुपारचे अडीच. म्हणजे वर राहुकाळ!

"पितरांच्या पंधरवड्यात आपण नवी चप्पल घेत नाही," गुरुजी कडाडले, "अन् हे पोट्टी नवरा घेऊन राहिली!"

"बाबा, इथे तारीख मिळायला महिने लागतात. मिळाली ती घेतली," स्वराली म्हणाली.

गुरुजींनी जाहीर केलं की खरं लग्न वैशाखात, अकोल्यात, मी काढीन त्या मुहूर्तावर. तोवर माझ्या हातून अक्षता पडणार नाहीत. कचेरीतला समारंभ घरबसल्या पाहता येणार होता. त्याची लिंक स्वरालीनं ईमेलवर पाठवली होती. "तुम्ही नका पाहू," सिंधूताई नवऱ्याला म्हणाल्या, "मी पाहीन."

त्या गुरुवारी सकाळी गुरुजी गुपचूप कॉम्प्युटरपुढे बसले आणि थेट पुढच्या वैशाखात शिरले. तिथे त्यांना असा काही मुहूर्त सापडला की बोलून सोय नाही. गुरुबळ, चंद्रबळ, सगळं जिथल्या तिथे. गुरुजी इतके खूश झाले की गुणगुणतच श्राद्धाच्या कामाला निघून गेले. तारीख राहिली वैशाखातच.

दुपारी दोनला सिंधूताई ठेवणीतली साडी नेसून, मुठीत अक्षता धरून कॉम्प्युटरपुढे बसल्या. ईमेल उघडेना. पडद्यावर कुलपाच्या जागी लाल खूण आली आणि खाली ओळ उमटली, तुमचे घड्याळ पुढे आहे.

नुकतेच परतलेले गुरुजी ती ओळ वाचून भडकले. "माह्या घड्याळाले पुढे म्हणते हा?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. तिन्ही ठिकाणी तोच आकडा. "मिनिटाचा फरक नाही! साफ खोटं बोलून राहिलं हे यंत्र."

सिंधूताईंचा फोन नळ आले त्या दिवशी पाणी भरता भरता टाक्यात पडला होता आणि अजून दुरुस्तीला होता. गुरुजींचा फोन बटनांचा. कचेरीत मोबाइल बंद ठेवायचे होते, त्यामुळे स्वरालीला विचारायचीही सोय नव्हती. गुरुजींनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला गंधाचं बोट लावलं, एकदा चापटही मारली. लाल खूण काही हटेना. शेवटी सिंधूताईंनी खिडकीतून शेजारच्या शेखरला हाक मारली. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा.

शेखरनं नुसता पडदा पाहिला आणि डोक्याला हात लावला. "गुरुजी, तारीख पाहा न! वेळ बरोबर हाये, साल पुढचं हाये."

"मग त्याचं ईमेलले काय?"

"तुमचं मशीन पलीकडल्या मशीनले आधी इचारते, तू कोन? ते आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्याच्यावर मुदत रायते. ओळख पटली तं दोघं कुलूप लावून बोलतात, मंधात कोनाले आयकू येत नाही. तुमचं मशीन म्हणते, याची मुदत तं संपली, हा भामटा दिसते."

"संपली कशी?"

"आज नाई संपली. वैशाखात संपली. अन् तुमी तिथंच जाऊन बसले!"

मुदत टळली की सगळं फुकट, हे तर गुरुजी स्वतःच जन्मभर लोकांना बजावत आले होते. तरी ते पुटपुटले, "पण तो वैशाखातला मुहूर्त..."

"अहो," सिंधूताईंचा आवाज चढला, "माहेरी जायचं तर थांबले, घर बांधायचं तर थांबले. तुमच्या मुहूर्तापायी जन्म थांबण्यात गेला. माझ्या लेकीचं लग्न आज आहे. आणा ती तारीख परत!"

इतक्या वर्षांत त्या अशा बोलल्या नव्हत्या. गुरुजींनी मुकाट्यानं माउस हातात घेतला. मे, एप्रिल, मार्च, एकेक महिना ते मागे आले. आजच्या गुरुवारवर पोचले तेव्हा लाल खूण गेली, ईमेल उघडली, आणि लिंक दाबताच पडद्यावर स्वराली दिसली. आईची हिरवी पैठणी नेसलेली, शेजारी घाम पुसणारा किशोर.

कचेरीतल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, क्षणभर थांबल्या, आणि गुरुजींच्या भिंतीवर अडीचचा टोला पडला त्याच घडीला त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"सिंधू," गुरुजी ओरडले, "अवो, वेळेवर लागून राहिलं!" डोळे घळाघळा वाहायला लागले. त्यांनी बायकोपुढे तळहात धरला. सिंधूताईंनी अर्ध्या अक्षता त्यात ओतल्या. गुरुजी राहुकाळात, पितृपक्षात, खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हणायला लागले आणि अक्षता कीबोर्डात गेल्या.

संध्याकाळी गुरुजींच्या बटनांच्या फोनवर स्वरालीचा फोन आला. तिनं भीत भीत विचारलं, "बाबा, वैशाखातला मुहूर्त निघाला का?"

"निघाला होता," गुरुजी कीबोर्डातले तांदूळ टोकरत म्हणाले. "पण तिथं जाऊन पाहिलं न बाप्पा, कोणाचीच ओळख पटत नाही. आजचाच चांगला होता."