नानांच्या सहीचं पत्र

“इंग्लिश मीडियमची पोर हाय ती, खोटं कशाला लिवंल?”

आत कप विसळता विसळता काकू आपल्या नवऱ्याला, नानांना, म्हणाल्या. मी ओट्यावर चपला घालत होते. हातात पत्र होतं, त्याखाली नानांची नुकती केलेली सही. पत्र इंग्रजीत होतं, त्यामुळे नानांनी ते वाचलं नव्हतं. “तू वाचलंस ना? मग झालं,” एवढंच म्हणाले होते.

तेव्हाच मागे वळता आलं असतं. चार पावलं तर होती. मी वळले नाही — आणि त्यानंतर दोन वर्षं हे कुणाला सांगितलंही नाही. आईलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतेय. सलग सांगता येईल का, ठाऊक नाही.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. अमोनिया गळला तर वाजणारा अलार्म त्याने बनवला, तिथे छोटी कंपनी काढली. कायमचं राहायचं तर तिथे एरवी नोकरी देणारा मालक दाखवावा लागतो. दादा स्वतःच मालक. अशा माणसाला ती अट माफ होऊ शकते, पण त्याचं काम साऱ्या देशासाठी महत्त्वाचं आहे हे सिद्ध करावं लागतं. त्याची वकीलबाई विचारायची — गिऱ्हाइकांचं भलं होईल हे कळलं, देशाचं काय? दादाकडे उत्तर होतं. तिथली अन्नाची मोठी कोल्ड स्टोरेजं अमोनियावर चालतात, भोवती वस्ती असते. पण या अलार्मने खरंच कुठे माणसं वाचवली का? त्याचा पुरावा हवा होता.

तो इकडे, आमच्या मोहोपाड्यात आहे, असं दादाला वाटलं. अमेरिकेला जायच्या आधी त्याने पहिला अलार्म इथल्या एका प्लँटमध्ये लावून पाहिला होता. तो पुण्याला गेलेला असताना तिथे एकदा लीकेज झालं. कुणाला काही झालं नाही, एवढंच त्याच्या कानावर आलं. त्या शिफ्टला नाना ऑपरेटर होते — बाबांचे जुने सोबती, आमच्याच गल्लीत राहणारे. दादा म्हणाला, त्यांना भेट, पत्र लिही, सही घे. “तुझं इंग्लिश भारी आहे गं.”

मला कुणी भारी वगैरे म्हणत नाही. शिळफाट्याजवळ एका शाळेत शिकवते, वर्गाबाहेर फारशी बोलत नाही. हे कारण म्हणून सांगत नाहीये. तसं होतं, एवढंच.

नानांनी मला सगळं सांगितलं होतं. “अलार्मचा डबा गप्पच व्हता गं. मला वास आला. नॅपकिन भिजवला, तोंडाला बांधला आन् गेलो आत. व्हॉल्व्ह बंद करस्तवर डोळं गेल्यासारकंच झालं.” त्या दिवसापासून त्यांचा आवाज बसलाय, तो कायमचा. मी वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतला.

आणि पत्रात काय लिहिलं? अलार्म वेळेवर वाजला, म्हणून कामगार बाहेर पडले आणि प्लँटशेजारची कॉलनी वाचली. नॅपकिन नाही, व्हॉल्व्ह नाही. खाली नानांचं नाव — प्रत्यक्षदर्शी म्हणून. ज्याने केलं, तो नुसता बघणारा झाला.

दादाने सांगितलं होतं का असं लिहायला? नाही. तो म्हणाला होता, जरा ठळक कर. अलार्म वाजलाच नव्हता, हे मी त्याला कळवलंच नाही. वाक्य माझं. वकीलबाईला सगळ्यांत तेच पत्र आवडलं, असा त्याचा मेसेज आला तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटीच हसत बसले होते. न वाजणारा अलार्म उद्या कुठे कुठे लागेल — हा विचार तेव्हा आला नाही. आला असता तर थांबले असते का?

पण एवढंच नाही. सांगायला जड जातंय ते पुढेच आहे.

गेल्या गणपतीत मोठ्या काकांकडे, म्हणजे दादाच्या वडिलांकडे, सगळे जमले होते. काका पाहुण्यांना सांगत होते, आमच्या पोराच्या मशीनने मोहोपाडा वाचवला, तसं लेखी आहे. नाना भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “वाजला व्हता? मला तर नाय ऐकू आला.”

“नाना, कानाचं मशीन घ्या आता!” कुणीतरी म्हणालं. “का दादालाच सांगू, तुमच्यासाठी पण एक डबा बनव म्हणून?”

सगळे हसले. मीही हसले. प्रसादाचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी होते, आणि हसले. नानांनी माझ्याकडे पाहिलं — कशासाठी, मी आजही स्वतःला विचारते. मग द्रोण उचलत हळूच म्हणाले, “वाजला आसंल मग. वासानं डोकं फिरलं व्हतं माजं.”

तेव्हापासून ते तसंच सांगतात. कुणी विचारलं, की वाजला आसंल, म्हणतात.

आता तिकडच्या इमिग्रेशन कार्यालयाने आणखी पुरावा मागितलाय. वकीलबाईला नानांचं दुसरं पत्र हवंय — अलार्म केव्हा वाजला, किती जण बाहेर आले, सगळं तपशिलाने. मंगळवारी मी दादाला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, “वेडी आहेस का तू? माझं सगळं त्या पत्रावर उभं आहे.” आहे, मला ठाऊक आहे. कदाचित त्याला परत यावं लागेल, आणि ते माझ्यामुळे. तरी बुधवारी मी वकीलबाईला लिहून पाठवलं — अलार्म वाजला नव्हता, ते वाक्य माझं आहे, नानांचं नाही.

ते त्यामानाने सोपं होतं. इंग्रजीत होतं.

काल संध्याकाळी नानांकडे गेले. माझ्या हातात वही बघून त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही, पेनासाठी हात पुढे केला. “कुठं करू सही?” काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. घरून चार वाक्यं पाठ करून निघाले होते, त्यातलं एकही आठवेना. मी पेन दिलं नाही. वही उघडली, त्यांचेच शब्द त्यांना वाचून दाखवले — डबा, नॅपकिन, व्हॉल्व्ह. मग वही मिटली.

“नाना, डबा वाजला नव्हता. तुम्ही आत गेला होतात. तो वाजला असं मी लिहिलं, आणि तुम्हाला न सांगता सही घेतली. गणपतीत तुम्ही खरं बोललात, तेव्हा मला ते माहीत होतं — आणि मी हसले.”