मी फोडलेली टाकी

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्याच अभिमानातून झालं.

श्रीवर्धनहून म्हसळ्याकडे जाताना एका डोंगराच्या कुशीत आमची वीस-पंचवीस घरं आहेत. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाळाभर पाणी पितो आणि उरलेलं वर्ष ते खालून थोडंथोडं सोडतो. आमच्या घरांच्या मागे, दरडीच्या पायथ्याशी, ते झऱ्यातून बाहेर येतं. होळीनंतर झरा करंगळीएवढा व्हायचा. आई करवंटीने हंडा भरायची आणि मी तिच्या मागे रांगेत बसून भूगर्भशास्त्राचं पुस्तक वाचायचे.

नोकरी लागल्यावर मी पहिलं काम केलं ते टाकीचं. अर्ज मी लिहिले, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला मी पटवलं. झऱ्याच्या तोंडालाच लागून पुरुषभर उंचीची काँक्रीटची टाकी उभी राहिली. गवंडी म्हणाला, आजूबाजूला दरडीतून पाझरतंय ते राहू दे, ताई. मी म्हटलं, एक थेंब वाया जाता कामा नये. समोर उभी राहून सगळी भोकं मी सिमेंटने बुजवून घेतली. टाकीवर संगमरवरी फरशी बसली. तिच्यावर माझं नाव आणि नावापुढे बी.एस्सी. त्या उन्हाळ्यात मे संपेपर्यंत नळाला पाणी होतं. शेजारच्या काकीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुज्यामुलं माजी कंबर वाचली गो."

असं कुणी मला त्याआधी म्हटलं नव्हतं, नंतरही नाही.

मी राहते पनवेलला, भाड्याच्या खोलीत. काम दगड फोडण्याचं, पण प्रयोगशाळेत. पुलासाठी, बोगद्यासाठी जमिनीतून काढलेले दगडाचे गोल तुकडे आमच्याकडे येतात. तुकडा पाण्याने पूर्ण भिजवायचा, रबरी पिशवीत घालायचा, चारी बाजूंनी दाब द्यायचा आणि वरून भार वाढवत न्यायचा. खाली एक झडप असते. ती उघडी ठेवली तर आतलं पाणी निघून जातं आणि भार दगडाचे कण एकमेकांना धरून पेलतात. बंद केली तर पाणी आतच कोंडतं. पाणी काही दबत नाही. भार तेच अंगावर घेतं आणि कणांना एकमेकांपासून ढकलू लागतं. त्यांची पकड सुटते. आमच्याकडचे मऊ दगड झडप बंद असली की लवकर फुटतात. प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत मी लिहिते: झडप उघडी, झडप बंद.

टाकी झाल्यानंतरच्या पावसाळ्यात, आषाढात, आईचा फोन आला. ती सड्यावर अळंबी शोधायला गेली होती. "सड्याला चीर गेलीय बाय. माजा पाय आत जातो." मी तिला चिरेच्या दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोकायला सांगितलं आणि मधलं अंतर रोज वितीने मोजायला सांगितलं. आई शाळेत गेलेली नाही, पण मोजमापात ती माझ्याहून काटेकोर आहे. पहिल्या दिवशी दोन वीत. आठवड्याने दोन वीत एक बोट. मोठा पाऊस झाला आणि दोन वीत दोन बोटं.

मी सगळा दोष पावसाला देत होते. मग एका बुधवारी, काम करता करता, मी झडप बंद केली आणि माझा हात तिच्यावरच राहिला. आमच्या डोंगराची झडप मी स्वतः बंद केली होती. सिमेंटने, आणि वर नाव कोरून.

शनिवारी देवळात बैठक बोलावली. मी सगळं सांगितलं, अगदी रबरी पिशवीसकट. टाकी फोडा, बुजवलेली भोकं मोकळी करा, नाहीतर दरडीखालची पाच घरं जातील. त्या पाचांत आमचं होतं, काकीचंही होतं. वाडीच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बांद तूच म्हनालीस. आता फोड पन तूच म्हनतेस. आनि डोंगर न्हाय पडला तं?"

"मग मी चुकले म्हणा."

"ते म्हनू. पन टाकी?"

पाऊस संपल्यावर बघू, असं ठरलं. पाच घरांनी तोवर शाळेत राहावं, असं मी म्हटलं तेव्हा काकी हसली. शाळेत जायचं तिचं वय राहिलं नाही, म्हणाली. सगळेच हसले.

रविवारी सकाळी मी पहार घेऊन गेले. कुणाला विचारलं नाही. आई मागून आली आणि भोकं नेमकी कुठे होती ते तिनेच बोट ठेवून दाखवलं. तिला प्रत्येक पाझर ठाऊक होता. पहिलं सिमेंट निघालं तसं लाल पाणी मनगटाएवढ्या धारेने अंगावर आलं. दुपारपर्यंत सगळी भोकं मोकळी झाली आणि टाकीची भिंत खालून फुटली. फरशी आधी काढून ठेवायला हवी होती, तीही फुटली. वाडी लांब उभी होती. काकी रिकामा हंडा घेऊन पुढे आली.

"आता करवंट्या पन तूच आन," म्हणाली, आणि वळून गेली.

पाणी दोन दिवस लाल येत होतं, मग निवळलं. चीर दोन वीत तीन बोटांवर थांबली. डोंगर पडला नाही.

आणि तेच माझ्या विरुद्ध गेलं. दरवर्षी पावसाळा सुखरूप जातो आणि दरवर्षी मी वाडीच्या नजरेत आणखी थोडी खोटी ठरते. हळदीला मी गेले की बायका सरकून जागा देतात, जरा जास्तच देतात. काकी माझी चौकशी आईकडे करते, मी समोर असताना. नवीन टाकीचं चित्र मी काढून दिलं आहे: दरडीपासून लांब, झऱ्याचं तोंड मोकळं, पाणी नळीने आणायचं. ते अध्यक्षांच्या कपाटात आहे.

खरं सांगायचं तर शपथ मलाही घेता येणार नाही. प्रयोगशाळेत एकाच दगडाचे दोन तुकडे असतात. एकाची झडप उघडी ठेवायची, दुसऱ्याची बंद, आणि बघायचं. डोंगर एकच होता. टाकी तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. तरी उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर मी पहार उचलेन.

पावसाळाभर आईचा दर रविवारी फोन येतो. गुडघे धरून ती सड्यावर जाऊन आलेली असते. "दोन वीत तीन बोटं," म्हणते. माझ्याकडे चांगली मोजपट्टी आहे, पण वहीत मी तिचीच वीत लिहिते. मग मी विचारते, झऱ्यावर आज कोण कोण होतं. ती एकेकीचं सांगते. मग मी विचारते, माझ्याबद्दल कुणी काही बोललं का.



"पानी बरं हाय औंदा," आई म्हणते.