भूकंपानंतरची विहीर
आमच्या वाशीच्या सोसायटीत टाकी धुतली की पहिलं पाणी गढूळ येतं आणि त्या मातकट वासाने मला घारापुरी आठवते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी करावे गावातून त्या बेटावर नुकतीच नवी सून म्हणून गेले होते. पहाटे मांडणीवरची भांडी खणखणली, भिंती हलल्या, सगळे अंगणात धावलो. कोणाला काही लागलं नाही, पण उजाडल्यावर पाहिलं तर विहिरीचं पाणी लालसर झालं होतं. आमच्या वाडीला पिण्याची तेवढी एकच विहीर. बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या आणि पाण्याऐवजी माझ्याकडेच बघू लागल्या. “ही आली न जमीन हालली,” शेजारीण म्हणाली. “हिनंच कायतरी टाकलं आसंल पान्यात.” सासूबाई गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प राहणं मला जास्त लागलं. मी पोहरा ओढला आणि सगळ्यांदेखत ते पाणी पोटभर प्यायले. मग मला काठावर बसवून सगळ्या बघत राहिल्या. पोरं तहानेने रडत होती, तरी कोणी पाण्याला हात लावला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सासूबाई उठल्या, माझ्या हातून पोहरा घेऊन प्यायल्या आणि म्हणाल्या, “माजी सून हाय ती. भरा पानी.” पुढे त्यांनी मला लेकीसारखं वागवलं. आता मीही सासू झाले, तरी एक गोष्ट मला कळलेली नाही. त्या दुपारी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, की मी मरत नाही एवढं बघेपर्यंत त्या थांबल्या होत्या?